एका मिलिमीटरात किती जमीन

गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जमीन. मीटरमध्ये धरलं तर एक बाजू जवळजवळ दहा मीटर. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर दहा मीटरांचा होतो एक मिलिमीटर. म्हणजे अख्खा गुंठा मोहरीच्या दाण्याएवढा. त्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीच्या पेनाने बांध काढला, तर जमिनीवरचा पाच मीटरांचा पट्टा नुसत्या शाईखाली जातो. आमच्या करवीर तालुक्यात चार फुटांच्या बांधावरून भावकीच्या दोन-दोन पिढ्या कोर्टाची पायरी चढतात. अशा ठिकाणी पाच मीटर शाईखाली जात असतील, तर ते नकाशा वापरणाऱ्याला आधी सांगायला हवं. हे सांगणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स करून मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका खासगी कार्यालयात लागले, तेव्हा नकाशे कागदावरून संगणकात घेण्याचं काम जोरात होतं. मोठ्या तिरप्या टेबलावर कागद चिकटवायचा, त्याच्या चार कोपऱ्यांवर भिंगाखालची फुली आणून बटण दाबायचं, त्रुटीचा आकडा ठरवलेल्या मर्यादेत आला की एकेका रेषेवरून हात फिरवत जायचं. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, पण एक चिंता नव्हती. प्रमाण कागदावरच छापलेलं असायचं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ४७ एल मालिकेतलं पत्रक असेल तर १:५०,०००, म्हणजे एका सेंटिमीटरात पाचशे मीटर. गावनकाशा असेल तर त्याचं प्रमाण त्याच्या खाली लिहिलेलं. मोजणीदाराने आणि आरेखकाने काय दाखवायचं आणि काय सोडायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं. आम्ही फक्त गिरवत होतो.

हवाई छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं आली आणि हा आधार गेला. चित्रावर प्रमाण छापलेलं नसतं. माउसचं चाक पुढे फिरवलं की १:५००, मागे फिरवलं की १:२०,०००. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा आकडा तर पडद्याच्या आकारावरही बदलतो, कारण तुमच्या मॉनिटरचा एक ठिपका किती मिलिमीटरांचा आहे हे प्रणाली गृहीत धरते, मोजत नाही. मग आपण काढलेल्या रेषेचं प्रमाण कोणतं? कार्यालयात नवीन आलेली मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा मला बरं वाटतं. न विचारणाऱ्यांची जास्त काळजी वाटते.

याचं एक उत्तर वॉल्डो टोब्लर या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९८० च्या दशकात दिलं आहे, आणि मी ते कामाच्या टेबलासमोर लिहून लावलं आहे. प्रमाणाच्या छेदाला हजारने भागलं की त्या नकाशावर ओळखू येणाऱ्या सगळ्यांत लहान वस्तूचा आकार मीटरमध्ये मिळतो, आणि चित्राचा पिक्सेल त्याच्या निम्मा असावा लागतो. उलट्या बाजूने वाचलं तर पिक्सेलचे मीटर गुणिले दोन गुणिले हजार. २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाचा पिक्सेल अडीच मीटरांचा, म्हणजे त्यावरून १:५,००० पर्यंतचा नकाशा. लिस-४ या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचा ५.८ मीटरांचा, म्हणजे साधारण १:१२,०००. लिस-३ चा साडेतेवीस मीटरांचा, तो थेट १:५०,००० च्या आसपास जातो. ड्रोनने पाच सेंटिमीटरांचा पिक्सेल मिळाला तर गणिताने १:१०० येतं, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. त्याचं कारण पुढे येईल.

ओसाड माळावर हा नियम सरळ चालतो. आमच्याकडे ऊस आहे. भाद्रपदात घेतलेल्या चित्रात पंचगंगेच्या काठची मळी म्हणजे एक सलग हिरवा गालिचा. दोन गटांमधला बांध उसाच्या पाल्याखाली पूर्ण झाकलेला असतो. पिक्सेल कितीही बारीक घ्या, तिथे बांध दिसत नाही. तोडणी संपल्यानंतरचं, एप्रिल-मे महिन्यातलं चित्र मिळालं तर तोच बांध स्वच्छ उमटतो. म्हणून मी चित्राची तारीख पिक्सेलच्या आधी विचारते. पिक्सेलवरून काय दिसू शकेल ते कळतं, प्रत्यक्षात काय दिसलं ते हंगामावरून ठरतं.

सुरुवातीच्या काळातलं एक काम शिरोळ तालुक्यातलं होतं. दोन वेगवेगळ्या वर्षांची चित्रं, दोन्ही उत्तम, दोन्हींत विहिरीचा काठ स्पष्ट. एकावर एक ठेवली तर तीच विहीर आठ मीटर सरकलेली. विहीर अर्थातच जागची हललेली नव्हती. चित्र जमिनीवर बसवताना कुणीतरी नियंत्रणबिंदू ढिले घेतले होते. चित्राची स्पष्टता आणि चित्राची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी पक्कं झालं. अर्ध्या मीटरच्या पिक्सेलचं चित्र आठ मीटर चुकीच्या जागी बसवलेलं असेल, तर त्यावरून १:१,००० चा नकाशा काढणं म्हणजे लोकांची फसवणूक आहे. अमेरिकेने १९४७ साली ठरवलेला नकाशांच्या अचूकतेचा नियम मला अजून उपयोगी वाटतो. १:२०,००० किंवा त्याहून लहान प्रमाणाच्या नकाशावर तपासलेल्या बिंदूंपैकी नव्वद टक्के बिंदू कागदावर एक इंचाच्या पन्नासाव्या भागाच्या आत असले पाहिजेत, आणि त्याहून मोठ्या प्रमाणाला तिसाव्या भागाच्या आत. १:१०,००० ला हा तिसावा भाग जमिनीवर साडेआठ मीटरांचा होतो. आमचं ते सरकलेलं चित्र या प्रमाणाला कसंबसं उत्तीर्ण झालं असतं, त्याहून मोठ्या प्रमाणाला नाही.

मग आम्ही जमिनीवर उतरलो. उसाच्या पट्ट्यात नियंत्रणबिंदू शोधणं सोपं नाही. झाडं तुटतात, रस्त्याच्या कडा दर पावसाळ्यात बदलतात, नदीचा काठ तर कधीच धरू नये. आम्हाला वाचवलं कोल्हापुरी बंधाऱ्यांनी. त्यांचे दगडी खांब एका ओळीत, ठरावीक अंतरावर, वर्षानुवर्षं जागचे न हललेले. खांबाचा कोपरा चित्रातही दिसतो आणि जीपीएस घेऊन त्यावर उभंही राहता येतं. त्यानंतर पंचगंगेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक कामात मी आधी बंधारे शोधले.

एकदा एका संस्थेच्या कपाटातून आलेलं जुनं हवाई छायाचित्र हातात पडलं. कडा कापलेल्या, त्यामुळे विमानाची उंची, भिंगाचं नाभीय अंतर, तारीख, सगळं गेलेलं. प्रमाण काढायचं तर चित्रातली एखादी लांबी जमिनीवर माहीत असायला हवी. सोबतचा मुलगा रंकाळा तलावाची लांबी मोजायला निघाला, कारण चित्रात तोच सगळ्यांत उठून दिसत होता. मी त्याला थांबवलं. रंकाळ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, पावसाळ्यात चढतं; संध्यामठ कधी पाण्यात, कधी कोरड्यावर. पाण्याच्या काठाला लांबी नसते, तारीख असते. त्याऐवजी आम्ही शालिनी पॅलेसचे कोपरे, जुने रस्ते जिथे एकमेकांना छेदतात ते चौक, आणि उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी घेतली. १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळाची धावपट्टी विस्तारापूर्वी १,३७० मीटरांची होती. छायाचित्रावर ती १३.७ सेंटिमीटर भरली, तर प्रमाण बरोबर १:१०,०००. प्रत्यक्षात आकडे इतके गोल येत नाहीत, आणि धावपट्टी नेमकी कोणत्या साली किती लांब होती याचाही संशय राहतो. म्हणून एका लांबीवर कधी थांबू नये. वेगवेगळ्या दिशांच्या चार-पाच लांब रेषा घ्याव्यात, त्या चित्राच्या मध्याजवळून जाव्यात, आणि सपाट जमिनीवरच्या असाव्यात.

सपाट यासाठी की एकाच छायाचित्रात दोन प्रमाणं असू शकतात. छायाचित्राचं प्रमाण म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर भागिले जमिनीपासूनची उंची. १५२ मिलिमीटरांचं भिंग घेऊन विमान कोल्हापूरच्या सपाटीपासून १,५२० मीटरांवर उडत असेल, तर शहराचं प्रमाण १:१०,०००. त्याच चित्रात एखादा डोंगरमाथा आला, आणि तो सपाटीपेक्षा तीनशे मीटर उंच असला, तर विमानापासून तो १,२२० मीटरांवरच राहतो. तिथलं प्रमाण होतं साधारण १:८,०००. पन्हाळा आणि जोतिबाच्या बाजूची कामं करताना ही गोष्ट दर वेळी आडवी येते. शिवाय उंच वस्तू चित्राच्या मध्यापासून बाहेर झुकलेल्या दिसतात. उंचीची दुरुस्ती केलेलं चित्र मिळालं नसेल, तर डोंगरावरची रेषा सपाटीवरच्या रेषेशेजारी ठेवण्याआधी ग्राहकाला सांगावं लागतं.

क्षेत्रफळाच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे, आणि तो फुकट मिळणाऱ्या वेबनकाशांमुळे घरोघर पोहोचला आहे. उसाच्या नोंदीसाठी काही मुलांनी वेबनकाशावर शेतं गिरवली आणि तिथल्याच प्रक्षेपणात क्षेत्र काढलं. प्रत्येक शेत सातबाऱ्यापेक्षा मोठं. शेतकरी खूश होते. फरक सगळीकडे एकसारखाच आहे हे पाहून मला कारण लक्षात आलं. ते प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जाताना सगळं ताणत नेतं. कोल्हापूरच्या अक्षांशावर लांबी सुमारे साडेचार टक्के वाढते आणि क्षेत्र नऊ टक्के. चाळीस गुंठ्यांचा एकर तिथे साडेत्रेचाळीस गुंठ्यांच्या वर भरतो. आमच्या भागासाठी यूटीएमचा ४३ वा पट्टा घेतला की हा फुगवटा जातो. आकडे परत काढले तेव्हा दोन-तीन शेतकरी नाराज झाले. तोडणीनंतर टनांचा हिशेब लागला तेव्हा तेच पुढच्या हंगामाची मोजणी घेऊन आले.

प्रमाण ठरवण्याचा प्रश्न मला सगळ्यांत खोलवर समजला तो गावठाणात. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली, भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन गावोगाव उडू लागले, आणि गावठाणांचे १:५०० चे नकाशे हा शब्दप्रयोग ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर ऐकू यायला लागला. तसल्याच पद्धतीची खासगी कामं आमच्याकडेही आली. ड्रोन उडण्याआधी घरमालक चुन्याने आपल्या हद्दी आखतात. पाच सेंटिमीटरांच्या पिक्सेलमध्ये ती रेषा दिसायला हवी असेल, तर दहा सेंटिमीटर रुंद हवी. टोब्लरचा नियम इथे चुन्याच्या डब्यापर्यंत येतो. काटकसरीने बोटभर रेघ ओढणाऱ्यांना आम्ही ती पंज्याएवढी रुंद करायला लावायचो.

एवढं करूनही घरं गिरवताना अडचण यायची. वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. कौलारू घराची वळचण भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे असते, पत्र्याची शेड तर आणखी पुढे. १:२,००० ला नकाशा काढायचा असेल तर अर्धा मिलिमीटर म्हणजे एक मीटर, वळचण रेषेच्या जाडीतच विरून जाते, कुणी विचारत नाही. १:५०० ला अर्धा मिलिमीटर म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, आणि वळचणीचे साठ सेंटिमीटर रेषेबाहेर स्पष्ट दिसतात. प्रमाण बदललं की प्रश्न बदलतो. एका प्रमाणाला जो प्रश्न अस्तित्वातच नसतो, तो दुसऱ्या प्रमाणाला दोन घरांत भांडण लावतो. म्हणूनच पाच सेंटिमीटरांच्या पिक्सेलवरून गणिताने येणारं १:१०० मी कधी स्वीकारत नाही. तिथे भिंतीची जाडी, उंबरा, ओटा सगळं दाखवावं लागेल, आणि त्यातलं बरंचसं छपराखाली असतं.

अशाच एका बोळात आम्ही छपाई घेऊन तपासणीला गेलो होतो. दोन घरांच्या मधल्या दोन-अडीच हात जागेवर दोन्ही बाजूंनी छपरं आली होती, त्यामुळे नकाशावर ती जागा उरलीच नव्हती. दोन्ही घरचे पुरुष आपापलं बोलत होते. शेजारच्या एका म्हाताऱ्या आजींनी नकाशा हातात न घेताच मला विचारलं, ‘‘पत्रा पुढं आला म्हणून जागा पुढं येती व्हय गं?’’ त्यांनी काठीने भिंतीचा पाया दाखवला. आम्ही टेपने वळचण मोजली, प्रत्येक छपराची वेगळी, आणि रेषा भिंतीवर मागे आणल्या. बोळ नकाशावर परत आला. त्यानंतर १:५०० चं कोणतंही काम टेपशिवाय, फक्त पडद्यावर पूर्ण करायला मी नकार देते. त्या प्रमाणाला अर्धं काम पायांनीच होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळची गावं, शहरातला शाहूपुरी-दुधाळीचा भाग, सगळं पाण्यात. ढग इतके दाट की साध्या उपग्रहचित्रात काही दिसत नव्हतं. रडार ढगांतून पाहतं, म्हणून पूरक्षेत्राचे नकाशे रडारच्या चित्रांवरून निघाले. त्या दिवसांत अशा नकाशांनी जीव वाचवायला मदत केली, कोणत्या गावांभोवती पाणी आहे हे त्यांनी सांगितलं. पूर ओसरल्यावर मात्र तेच नकाशे वेगळ्या कामाला लागले. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या चित्राचा पिक्सेल दहा मीटरांचा, म्हणजे त्याचं प्रमाण फार तर १:२०,०००. तो निळा थर कुणीतरी अर्ध्या मीटरच्या स्वच्छ चित्रावर ठेवायचा, घरापर्यंत झूम करायचा, आणि छपाई घेऊन लोक आमच्याकडे यायचे. ‘‘मॅडम, माझं घर निळ्याच्या बाहेर आहे. मग माझं नुकसान झालंच नाही म्हणायचं का?’’ असं विचारणाऱ्या एकाच्या घराची रुंदी तीस फूट, लांबी चाळीस. त्या नकाशाच्या दृष्टीने अख्खं घर म्हणजे एखादा पिक्सेल. शिवाय घरांच्या दाटीत आणि उभ्या उसात साचलेलं पाणी रडारला नीट ओळखता येत नाही, कारण भिंतींवरून आणि पिकाच्या दांड्यांवरून लहरी उसळून परत येतात. त्याच्या भिंतीवर पाण्याची ओल छातीएवढ्या उंचीवर होती.

आम्ही काही गल्ल्यांमधून फिरून भिंतींवरच्या खुणा मोजल्या. बायका सर्वांत अचूक सांगायच्या: पाणी कितव्या फडताळापर्यंत आलं, चुलीचा ओटा कधी बुडाला. पण खुणांवरून रेषा काढायची तर जमिनीची उंची लागते, आणि सर्वेक्षण विभागाच्या पत्रकावर समोच्चरेषा वीस-वीस मीटरांच्या अंतराने आहेत. वीस मीटर म्हणजे पासष्ट फूट. ४३ पासून ५५ पर्यंतचे बारा फूट त्या दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी मावतात. कुठे, ते पत्रक सांगू शकत नाही. आणि नदीकाठची जमीन तीनशेला एक इतक्या मंद उताराची असेल, तर पाणी एक फूट चढल्यावर काठ तीनशे फूट सरकतो. म्हणून पूररेषेसाठी जमिनीची उंची फूट-अर्ध्या फुटाच्या अचूकतेने मोजल्याशिवाय मोठ्या प्रमाणाचा नकाशा काढू नये, असं माझं ठाम मत आहे. पूररेषांमधली निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्यांच्यावर बांधकामाच्या परवानग्या अवलंबून आहेत. प्लॉटच्या मधून जाणारी रेषा कोणत्या प्रमाणाच्या माहितीवरून काढली, हे विचारण्याचा त्या प्लॉटवाल्याला हक्क आहे. २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा हे सगळं परत घडलं.

पाणंदीचा एक प्रसंगही इथेच सांगायला हवा. एका गावात पाणंद खुली करायची होती. कुणीतरी १:१०,००० चा नकाशा झेरॉक्सच्या दुकानात चौपट मोठा करून आणला. खाली १:१०,००० हेच छापलेलं होतं, आता खोटं झालेलं. एका शेतकऱ्याने पट्टीने मोजून, गुणाकार करून शेजाऱ्याचं अतिक्रमण सिद्ध केलं. त्याचा गुणाकार बरोबर होता. पण अंतर मूळच्या चौपट आलं होतं, आणि ते सुधारलं तरी दहा फुटांची पाणंद त्या मूळ नकाशावर रेषेपेक्षा बारीक होती. भांडण मिटवायला मोजणीच लागली. तेव्हापासून आमच्या कोणत्याही नकाशावर आकड्यातलं प्रमाण एकटं छापलं जात नाही, सोबत रेषेची प्रमाणपट्टी असतेच. कागद मोठा केला की पट्टीही मोठी होते, ती खोटी पडत नाही.

कार्यालयात आता पद्धत ठरली आहे. अंतिम नकाशाचं प्रमाण ग्राहकाशी बोलून, चित्राचा पिक्सेल आणि नियंत्रणबिंदू तपासून आधी ठरतं. गिरवण्याचं काम त्याच्या दुप्पट-अडीचपट मोठ्या प्रमाणावर होतं, १:५,००० च्या नकाशासाठी १:२,००० वर, आणि ते प्रमाण कुलूपबंद करून ठेवतो. एका हुशार मुलाने अर्धं गाव १:५०० वर गिरवलं आणि कंटाळल्यावर उरलेलं १:५,००० वर. गावाच्या मधोमध बांधांचा स्वभाव बदललेला दिसत होता, एका बाजूला प्रत्येक वळण, दुसऱ्या बाजूला सरळ रेघा. किती लहान आकार नोंदवायचा तेही ठरलेलं असतं. १:१०,००० ला कागदावर दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर चार गुंठे. त्याहून लहान डबकं किंवा खळं त्या नकाशात येत नाही, आणि येत नाही हे नकाशावर लिहिलेलं असतं.

प्रत्येक थरासोबत आम्ही काही रकाने भरतो: चित्राची तारीख, पिक्सेल, नियंत्रणबिंदूंची त्रुटी, गिरवण्याचं प्रमाण, आणि शेवटी ‘या प्रमाणापेक्षा मोठं करून वापरू नये’. हा शेवटचा रकाना काढून द्या, असं सांगणारे लोक अजूनही येतात. त्यांना वाटतं त्याने नकाशा कमकुवत दिसतो. मी तो काढत नाही, काम दुसरीकडे गेलं तरी. तिरप्या टेबलाच्या काळात गिरवलेल्या जुन्या फायलींना हा रकाना नव्हता, आणि त्या फायली अजून फिरतात, लोक त्यांच्यावर आजची चित्रं ठेवून झूम करतात. मूळ पत्रकं शोधून त्यांनाही प्रमाण जोडण्याचं काम सध्या चालू आहे. शिरोळची गावं झाली आहेत, करवीरमधली अर्धी राहिली आहेत.